वॉटरकूल्ड संगणकाच्या रेडिएटरला ब्लोअर बसवावा का? (अमळनेर, रेकॉर्डिंगची खोली)

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. माझा अहिराणी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचा आणि व्हिडिओ संकलनाचा छोटा व्यवसाय आहे. गायक ज्या खोलीत गातात त्याच खोलीत संगणक ठेवावा लागतो, कारण दुसरी खोली नाही; म्हणून तो वॉटर कूलिंगचा, म्हणजे आत पाणी फिरवून थंड होणारा, करून घेतला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्हींवर पाण्याचे ब्लॉक (पाणी ज्यातून फिरते ते तांब्याचे ठोकळे) आहेत, तीन पंख्यांचा म्हणजे ३६० मिलिमीटरचा जाड, दाट फिनांचा (धातूच्या पातळ पट्ट्यांचा) रेडिएटर आहे, आणि व्हिडिओ रेंडर होताना (संकलित व्हिडिओ अंतिम स्वरूपात तयार होताना) दोन्ही मिळून साधारण ३५० वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. थंडीच्या दिवसांत काहीच अडचण येत नाही. मात्र लग्नसराईत, म्हणजे नेमके काम सर्वाधिक असते तेव्हा, खोलीतच तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, तिन्ही पंखे पूर्ण वेगाने फिरतात, त्यांचा आवाज माइकमध्ये येतो आणि एवढे होऊनही पाणी तापून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो.

आता रेडिएटर कॅबिनेटमधून काढून मागच्या बोळाकडच्या भिंतीला बाहेरून लावायचा विचार आहे. पाण्याच्या दोन नळ्या भिंतीतून जातील, हवा खोलीत येणारच नाही. परंतु त्या बोळापासून जिनिंग कारखाना जवळ आहे आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू सगळीकडे उडतात, त्यामुळे रेडिएटरपुढे फिल्टर लावल्याशिवाय गत्यंतर नाही. सध्याच्या पंख्यांपुढे फिल्टरचे कापड धरून पाहिले, तर पलीकडे हवा जाणवेनाशी होते. म्हणून पत्र्याची पेटी करून तिला ब्लोअर लावावा असे वाटते. गावातील एका लोहारदादांकडे भट्टीचा जुना ब्लोअर आहे, २३० व्होल्टचा, मिनिटाला २८०० फेऱ्यांचा; तो ते देण्यास तयार आहेत. तो चालेल का? ब्लोअरने हवा रेडिएटरवर फेकावी की रेडिएटरमधून ओढावी? आणि त्याला वीज कोठून द्यावी?

वर्कशॉप (जळगाव)

बोरीकाठ भाऊ, ब्लोअर घेण्यापूर्वी एक मोजमाप अवश्य करा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. रेंडर सुरू करून अर्धा तास जाऊ द्या आणि मग दोन तापमाने घ्या: रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेचे आणि फिरणाऱ्या पाण्याचे. या दोहोंतील फरक हीच एक गोष्ट पंखा कमी करू शकतो. हवा ४३ अंशांची असेल तर जगातला कोणताही ब्लोअर पाणी ४३ च्या खाली नेणार नाही. त्याचप्रमाणे पाणी आणि प्रोसेसरचा गाभा यांच्यातील फरक ब्लॉक आणि थर्मल पेस्ट ठरवतात, त्यावर पंख्याचा काहीही परिणाम होत नाही. फरक सहा-सात अंशांचाच निघाला तर ब्लोअरवर पैसे घालवू नका. पंधराच्या आसपास निघाला तर ब्लोअरला वाव आहे.

आता हवा किती लागेल ते पाहू. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.१ किलो धरले, तर ३५० वॅट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांनी तापू द्यायची असल्यास सेकंदाला साधारण ३२ लिटर, म्हणजे जवळपास ६७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. हवा १० अंशांनी तापते म्हणजे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहाच अंश वर राहील असे मात्र नाही. रेडिएटर परिपूर्ण नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी १४ अंश वर स्थिरावते असे समजा. हवा दुप्पट केली तर हा फरक अर्धा होत नाही, तो १४ वरून ९ च्या आसपास येतो, कारण वेगाने जाणाऱ्या हवेला फिनांजवळ थांबायला कमी वेळ मिळतो. पाच अंश मिळतात. ४३ अंशांच्या दिवशी ५७ आणि ५२ यांत पंपाच्या दृष्टीने बराच फरक आहे, कारण अनेक पंपांच्या माहितीपत्रकात पाण्याची कमाल मर्यादा ६० अंश दिलेली असते.

साधा १२० मिलिमीटरचा पंखा आणि ब्लोअर यांत नेमका भेद कशाचा, तेही सांगतो. साध्या पंख्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात, हवेचे प्रमाण आणि स्थिर दाब. पहिला आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो आणि दुसरा पुढचा मार्ग पूर्ण बंद असतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. हा दाब चांगल्या पंख्यातही पाण्याच्या २ ते ३ मिलिमीटर उंचीएवढाच असतो. दाट फिनांचा रेडिएटर आणि त्यापुढे फिल्टर अशी जोडी आली की तो तेथेच संपतो, आणि कापड धरल्यावर आपल्याला जे दिसले ते हेच होय. ब्लोअरमध्ये हवा चाकाच्या मध्यातून शिरून केंद्रोत्सारी बलाने कडेकडे फेकली जाते, त्यामुळे तेवढ्याच व्यासात कितीतरी जास्त दाब मिळतो. मोकळ्या रेडिएटरला ब्लोअर लावणे म्हणजे वीज आणि शांतता दोन्ही वाया घालवणे. परंतु फिल्टर किंवा लांब नळी असेल तर ब्लोअरच योग्य. आपल्या बाबतीत जिनिंगमुळे फिल्टर अटळ आहे, म्हणून आपला विचार मला पटतो.

भट्टीचा ब्लोअर मात्र घेऊ नका. तो कोळशाच्या थरातून थोडी हवा मोठ्या दाबाने रेटण्यासाठी बनवलेला असतो. त्याची पाती सरळ किंवा पुढे वळलेली असतात आणि अशा ब्लोअरचा मार्ग मोकळा झाला की मोटरवरचा भार वाढत जातो. पेटीचे झाकण उघडे राहिले तर मोटर तापेल. शिवाय २८०० फेऱ्यांचा तो आवाज भिंतीपलीकडूनही खोलीत येईल.

पांझराकाठ (धुळे)

वरील उत्तराशी सहमत आहे. मी विजेच्या बाजूने लिहितो, कारण अशा जोडणीत धोका तेथेच असतो.

पहिली गोष्ट, मदरबोर्डवरील पंख्याच्या जोडणीतून ब्लोअरला वीज देऊ नये. ती जोडणी बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅटपुरतीच असते, आणि कामाचा ब्लोअर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट प्रवाह घेतो. ब्लोअरला स्वतंत्र एसएमपीएस (२३० व्होल्टची वीज कमी व्होल्टच्या डीसी विजेत बदलणारा पुरवठा) द्यावा आणि मदरबोर्डकडून फक्त वेगाच्या संकेताची तार घ्यावी. चार तारांच्या पंख्यांत हा संकेत २५ किलोहर्ट्‌झचा असतो. तो नीट पोहोचण्यासाठी एसएमपीएसची ऋण तार आणि संगणकाची ऋण तार एकमेकींना जोडलेली असावी लागते; ती जोडली नाही तर ब्लोअर एकतर पूर्ण वेगाने फिरतो किंवा मध्येच अडखळतो. आपल्या ब्लोअरचा संकेत किती व्होल्टचा आहे हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच तार जोडा, कारण औद्योगिक ब्लोअरमध्ये तो १० व्होल्टचाही असू शकतो आणि संगणकात मात्र ५ व्होल्टचा असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे वीज जाते तेव्हा संगणक यूपीएसवर चालू राहतो. ब्लोअर मात्र भिंतीतल्या सॉकेटवर असेल तर तो त्याच क्षणी थांबेल. आपल्या पाण्याच्या सर्किटमध्ये, म्हणजे नळ्या, ब्लॉक आणि रेडिएटर मिळून, दीड लिटर पाणी आहे असे धरू. ३५० वॅट उष्णता त्यात साठू लागली तर सुमारे १८ सेकंदांना एक अंश या गतीने पाणी तापते, म्हणजे तीन मिनिटांत १० अंश. उन्हाळ्याच्या दुपारी तेवढा वेळ पुरे होतो. म्हणून ब्लोअर त्याच यूपीएसवर हवा. स्वस्त यूपीएसमधून येणारी वीज शुद्ध साइन लहरीची नसते आणि तिच्यावर २३० व्होल्टची इंडक्शन मोटर गुणगुणते व तापते. त्यामुळे २३० व्होल्टचा ब्लोअर सोडून द्यावा आणि २४ व्होल्टचा ब्रशलेस ब्लोअर एसएमपीएसवर चालवावा हे उत्तम. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग करायला विसरू नका. पेटी बाहेरच्या बोळात आहे, पावसाळ्यात ती भिजणार आहे आणि लहान मुले तेथून जाणार आहेत.

सातपुडा (नंदुरबार)

फिल्टरबद्दल थोडे सांगतो, कारण आमच्या गावात मिरचीचा हंगाम सुरू झाला की पथारींवरून उडणारी धूळ कोणत्याही यंत्रात शिरते आणि फिनांवर तिचा चिकट थर बसतो. फिल्टर रेडिएटरच्या आकाराचा करू नका. त्याचे क्षेत्रफळ रेडिएटरच्या तिप्पट-चौपट ठेवा आणि तो पेटीच्या तोंडाशी तिरपा बसवा. क्षेत्र वाढले की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो, अडथळा कमी होतो, आणि फिल्टर भरायलाही जास्त दिवस लागतात. कापसाच्या तंतूंसाठी बाहेरच्या बाजूला एक बारीक नायलॉनची जाळी वेगळी लावावी, म्हणजे मोठे तंतू तेथेच अडकतील आणि जाळी ब्रशने झाडली की काम होईल. आतला फिल्टर वारंवार काढावा लागणार नाही.

वर्कशॉप (जळगाव)

हवा फेकावी की ओढावी, या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. ओढावी. फुंकर मारताना हवा झोताने एकाच जागी लागते आणि श्वास घेताना ती चहूकडून येते, तसेच येथे आहे. ब्लोअरचे तोंड अरुंद असते आणि त्यातून हवा वेगाने बाहेर पडते. ते थेट रेडिएटरवर रोखले तर मधला तळहाताएवढा भाग थंड होईल आणि कडेच्या फिनांना हवा मिळणार नाही. ती पसरवायची तर लांब, हळूहळू रुंद होत जाणारी नळी करावी लागेल आणि तेवढी जागा बोळात नसेल. याउलट रेडिएटरमागे बंद पेटी केली आणि ब्लोअरने त्या पेटीतील हवा बाहेर काढली, तर पेटीतला दाब सगळीकडे जवळपास सारखा राहतो आणि संपूर्ण रेडिएटरमधून सारखी हवा जाते. त्यासाठी रेडिएटर आणि ब्लोअर यांच्यात निदान १०० मिलिमीटर खोली ठेवा. ओढण्याच्या पद्धतीत ब्लोअरला तापलेली हवा मिळते हे खरे, परंतु ५०-५५ अंश ही चांगल्या ब्लोअरच्या दृष्टीने अडचणीची गोष्ट नाही. माहितीपत्रकात तेवढी खात्री करून घ्या.

ब्लोअर मागे वळलेल्या पात्यांचा घ्यावा. त्याच्यावर कोणत्याही स्थितीत अतिभार येत नाही, आणि त्याला शंखाकृती वेष्टण नसले तरी चालते. पेटीच्या मागच्या पत्र्याला गोल तोंड पाडून, त्यावर हवा आत घेणारी कडी बसवून तो थेट लावता येतो. सांधे मात्र पक्के हवेत. पेटीच्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली तर हवा रेडिएटर सोडून त्याच वाटेने येईल, म्हणून रेडिएटरच्या चारही कडांना फोमची पट्टी लावा. कूलरच्या बॉड्या तयार करणारे कारागीर आपल्याकडे गावोगावी आहेत; त्यांना माप दिले तर अशी पेटी ते सहज करून देतील.

बाहेर पडणारी गरम हवा बोळातून दूर न्यायची असेल तर पीव्हीसी पाइप वापरा, पण ११० मिलिमीटरचा नको, १६० चा घ्या. तेवढ्याच हवेसाठी रुंद पाइपमधला दाबाचा तोटा जवळपास साडेचार पटींनी कमी होतो. ११० च्या पाइपमध्ये तीन मीटर लांबी आणि एक काटकोनी वळण धरले, तर सेकंदाला ३२ लिटर हवेला सुमारे ३ मिलिमीटर दाब पाइपमध्येच खर्च होतो, आणि हवा दुप्पट केली की तो चौपट होतो.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप केले. शिरणारी हवा ४१ अंश, पाणी ५५ अंश, म्हणजे फरक १४. पंख्यांपुढे फिल्टरचे कापड लावून पुन्हा पाहिले तर पाणी ५८ पर्यंत गेले. लोहारदादांना नको म्हणून कळवले आहे आणि २४ व्होल्टचा, मागे वळलेल्या ११ पात्यांचा ब्रशलेस ब्लोअर पाहून ठेवला आहे. दोन शंका आहेत. फिल्टर भरला हे बाहेरून कसे कळेल? आणि वेग कोणत्या तापमानावर नियंत्रित करावा?

पांझराकाठ (धुळे)

वेग पाण्याच्या तापमानावर ठेवा, प्रोसेसरच्या नव्हे. प्रोसेसरचे तापमान एका सेकंदात वीस अंश वर-खाली होते आणि त्यावर ब्लोअर ठेवला तर तो सतत चढ-उतार करील, जे ध्वनिमुद्रणात सर्वांत त्रासदायक असते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. अनेक मदरबोर्डवर १० किलोओहमच्या थर्मिस्टरसाठी (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या सेन्सरसाठी) दोन पिनांची जागा असते. पाण्याच्या सर्किटमध्ये तसा सेन्सर बसवून वेगाची रेषा (कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणारी) त्याला जोडता येते.

फिल्टरसाठी गवंडी पाणपातळीला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. तिचे एक टोक पेटीत आणि दुसरे बाहेर मोकळे ठेवून आत थोडे रंगीत पाणी भरा. एक-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसणार नाही, म्हणून नळीचा यू आकाराचा संपूर्ण भाग, दोन्ही बाजूंसह, एकास दहा या उताराच्या फळीवर आडवा बांधा. मग दाबाच्या प्रत्येक मिलिमीटरसाठी दोन्ही बाजूंच्या पाण्यात त्या फळीवर सुमारे १० मिलिमीटर अंतर दिसेल. फिल्टर नवा असताना, ठराविक वेगावर पाणी जेथे थांबते तेथे खूण करा. पेटीत हवा ओढली जात असल्याने फिल्टर भरू लागला की पाणी पेटीच्या बाजूला आणखी सरकेल.

रेल्वेगाव (भुसावळ)

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि मग ब्लोअरने मिळालेले पाच अंश हवेतच बुडतात. फरक कमी करण्यापेक्षा शिरणारी हवाच थंड केली तर अधिक लाभ होईल. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या कापडाच्या तापमापीत सुमारे २३ अंश येतात. साधा वाळ्याच्या ताट्यांचा कूलरसुद्धा तशा दुपारी २८ ते ३० अंशांची हवा देतो. ती हवा पेटीच्या तोंडाशी सोडावी. पाण्याचे सर्किट त्या हवेपेक्षा नेहमी गरमच राहणार असल्याने रेडिएटरवर दव साचण्याची भीती नाही.

दुसरा पर्याय, गाडीचा जुना मोठा रेडिएटर वापरून साधे पंखे मंद वेगाने फिरवावेत.

वर्कशॉप (जळगाव)

कूलरची सूचना उन्हाळ्यापुरती उत्तम आहे; जून लागून हवा दमट झाली की तिचा उपयोग राहत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. कूलरच्या हवेबरोबर बारीक थेंब उडाले आणि ते फिनांवर वाळले, तर पांढरा थर बसतो आणि तो ब्रशने निघत नाही. कूलर पेटीपासून हातभर दूर ठेवावा आणि मध्ये थेंब अडवणारी जाळी असावी. ओला झालेला फिल्टरही हवा अडवतो, हे लक्षात असू द्या.

गाडीच्या रेडिएटरला माझा विरोध आहे. आजकालचे असे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि आपले ब्लॉक तांब्याचे. दोन्ही धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. पंप चालू राहतो, पाणी फिरत नाही, आणि कारण सापडेपर्यंत प्रोसेसर तापत राहतो. मोठा रेडिएटर घ्यायचाच असेल तर तांब्या-पितळेचा घ्यावा, आणि सर्किटमध्ये बोअरचे पाणी न घालता डिस्टिल्ड पाणी, गंजरोधक द्रव मिसळूनच घालावे.

बोरीकाठ (अमळनेर)

पेटी बसवली. १०० ऐवजी १२० मिलिमीटर खोली ठेवली, फिल्टर तिरपा आहे, बाहेर नायलॉनची जाळी आहे आणि ब्लोअर यूपीएसवर आहे. काल दुपारी शिरणारी हवा ४२ अंश होती आणि रेंडर पूर्ण भारावर असताना, फिल्टरसह, पाणी ५२ वर स्थिर राहिले. पूर्वी फिल्टर नसतानाही फरक १४ होता, आता फिल्टर लावून १० आहे. प्रोसेसरचा वेग एकदाही कमी झाला नाही. खोलीत आता फक्त पंपाचा आवाज आहे आणि तो माइकपर्यंत पोहोचत नाही.

एक गोष्ट उरली. ब्लोअर १८०० फेऱ्यांवर असताना भिंतीतून एक बारीक सूर येतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम उघडून पाहिला तर ३३० हर्ट्‌झच्या जागी टोक दिसते, आणि नेमके तेथेच स्त्रियांचा आवाज असतो.

वर्कशॉप (जळगाव)

तो पात्यांचाच सूर आहे. १८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३०, गुणिले ११ पाती, म्हणजे ३३०. तरीही खात्री करून घ्या: वेग १५०० वर आणा आणि स्पेक्ट्रम पुन्हा पाहा. टोक २७५ वर सरकले तर सूर पात्यांचा आहे आणि तो पेटीच्या पत्र्यातून भिंतीत जात आहे. मग ब्लोअरचा पत्रा आणि उरलेली पेटी यांच्यात रबराची पट्टी द्या, नटबोल्टलाही रबराचे वॉशर घाला, आणि पेटी भिंतीला थेट न ठोकता जमिनीवर उभ्या केलेल्या अँगलच्या स्टँडवर ठेवा. टोक ३३० वरच राहिले आणि फक्त लहान झाले, तर पेटीचा एखादा सपाट पत्रा स्वतःच कंप पावत आहे. त्याला मधोमध आडवी अँगल पट्टी रिव्हेट करा किंवा आतून डांबरी चादर चिकटवा.

दोन्ही करूनही थोडा सूर राहिला, तर गाणे रेकॉर्ड होताना वेग ११०० वर बांधून ठेवा. वेग कमी होतो तसा आवाज फार झपाट्याने उतरतो. वेग निम्मा झाला तर सुमारे १५ डेसिबल कमी होतात. रेकॉर्डिंगच्या वेळी रेंडर चालू नसतो, त्यामुळे तेव्हा तेवढी हवा पुरेशी होईल.